सत्याकाकींचा भाटकार

सत्याकाकी दिवसभर उन्हाच्या मागे फिरायच्या. सकाळी तुळशीपुढे, मग विहिरीच्या अंगाला, दुपार कलली की रिकाम्या गोठ्याजवळ. पुढे चाकांवरचा निळा ड्रम, आडवा कापलेला आणि वीतभर पाण्याने भरलेला. मागे पदर कमरेला खोचून तो ढकलणाऱ्या सत्तरीतल्या काकी. चाकं करकरायची. त्या करकरीवरून मला शेजारी माझ्या स्वयंपाकघरात घड्याळ न बघता कळायचं की शाळेत शिकवायला निघायला हवं. आमच्या मये गावच्या तळ्यावर येणारे पाहुणे रस्त्यात गाडी हळू करून बघायचे. एकाने एकदा विचारलंही, "मावशी, मासे विकता काय?" काकी ताठ झाल्या. "मासळी न्हय. भाटकार आसा भितर."

भाटकार म्हणजे आमच्याकडचा जमीनदार. काकींचा भाटकार म्हणजे चपातीएवढ्या पाठीचं एक पाणकासव होतं, कानशिलावर तांबडा पट्टा असलेलं. ड्रममध्ये दोन चिऱ्यांवर ठेवलेल्या मंगळुरी कौलावर चढून, मान लांब करून आणि मागचे पाय ताणून ते ऊन खात पडायचं. "पळय ताका," म्हणजे बघ त्याला, असं काकी म्हणायच्या, "काम करिना, धंदो करिना. उनांत बसता आनी जेवण मात वेळार जाय. भाटकार न्हय जाल्यार कोण?"

हे कासव त्यांनी हौसेने आणलं नव्हतं. त्यांचा मुलगा उल्हास खाणीच्या ऑफिसात होता. खाणी बंद पडल्यावर त्याने पुण्यात नोकरी धरली. डिचोलीतली भाड्याची जागा सोडताना सगळं सामान टेम्पोत चढलं आणि त्याच्या मुलीचं, चिमीचं, कासव तेवढं आजीकडे आलं. "दोन महिन्यांसाठी," असं ठरलं होतं. तेव्हा ते नाण्याएवढं होतं आणि काचेच्या वाडग्यात राहायचं. घरात उत्तरेला कासव ठेवलं की भरभराट होते, असं उल्हासला कुणीतरी सांगितलं होतं. काकींनी वाडगा उचलून चारी बाजूंनी बघितला. "भरभराट येवं," म्हणाल्या, "पूण ताका वळूंक तरी सुवात जाय मगे."

सुवात जाय म्हणजे जागा हवी; आता ती करायची तर दुकानात जाऊन काहीतरी आणावं लागलं असतं आणि दुकान हा काकींचा शेवटचा उपाय होता. नवऱ्याच्या पेन्शनवर घर चालायचं हे खरं, पण पेन्शन दुप्पट असती तरी काकी तशाच वागल्या असत्या. त्यांच्याकडे जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी होती, पिशवी फाटल्यावर तिच्या कापडाची बरणीची टोपी होती. काहीही हवं असलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आदीं घरांत किते आसा तें पळय." मी नवा झाडू आणला तरी त्या कुंपणावरून सुस्कारा टाकायच्या. चिडायचे मी कधी कधी. पण माझ्या घरातलं काही मोडलं की पहिली त्यांनाच हाक मारायचे.

घरात होतं ते तांब्याचं भाण, न्हाणीघरात पाणी तापवायचं मोठं भांडं. गिझर आल्यापासून ते रिकामं होतं. काकींनी ते चिंचेने लखलखीत घासलं आणि कासवाला त्यात सोडलं. तांब्यातलं पाणी माणसाला चांगलं, मग त्याला का नको, हा त्यांचा हिशोब. खायला काय, तर सकाळी पोदेर, आमचा पाववाला, पाव देऊन गेला की त्यातला तुकडा चहात बुडवून. मायेत काही कमी नव्हतं. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं आणि स्वतःच्या बशीतला घास, आणखी काय द्यायचं कुणी? पण कासव खाईना. त्याचे डोळे सुजून बंद झाले, पाठ बोटाने दाबली तर दबू लागली. तेव्हा काकींचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. "चिमी फोनार विचारता. तिका किते सांगूं?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

माझ्या स्कूटरवर मागे, मांडीवर बालदी घेऊन, त्या डिचोलीच्या गुरांच्या डॉक्टरकडे आल्या. तो बिचारा प्रामाणिक होता. "काकी, मी म्हशी बघतो," म्हणाला आणि आपल्या एका मित्राला फोन लावला. बराच वेळ बोलला. मग डोळ्यांत घालायला थेंब लिहून दिले आणि म्हणाला, "तांबं नको, पाव नको, ऊन भरपूर पाहिजे." परत येताना काकी मागून माझ्या कानात ओरडल्या, "बरो दोतोर! दोन वस्तू बंद केल्यो आनी तिसरी फुकटची सांगली."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून नवऱ्याची करवत काढली. मे महिन्यात पाणी भरून ठेवायचा निळा ड्रम त्यांनी स्वतः, कुणाला हात लावू न देता, आडवा कापला. कडा हातांना लागू नयेत म्हणून त्यावर सायकलची जुनी ट्यूब चिरून चढवली. मोडीत निघालेल्या फ्रिजचं चाकांचं स्टँड होतं, त्यात ड्रम चपखल बसला. कौलं तर गोठ्यात रचलेलीच होती. ड्रमची बाजू उतरती असल्यामुळे कासवाला कौलावर चढायला सोपं जायचं. हे आधी ठरवलं होतं की आपोआप जमलं, असं मी विचारलं तर काकी नुसत्या हसल्या. डोळे उघडायला आठवडे गेले. उघडले त्या दिवशी त्यांनी मला शेजारून हाक मारून बोलावलं आणि पेढा द्यावा तसा गुळाचा खडा हातावर ठेवला.

खाणंही बदललं. सुक्या जवळ्याची चिमूट, गांडूळ, तांबडी भाजी म्हणजे लाल माठ. सोमवारी फक्त तांबडी भाजी, कारण सोमवारी काकींच्या घरात शिवराक, म्हणजे मासळी बंद. "आज सोमार रे भाटकारा," असं त्याला सांगून त्या पानं टाकायच्या आणि ते तोंड फिरवायचं. ड्रममधलं घाण पाणी अबोलीच्या वाफ्याला जायचं. त्या वर्षी अबोली अशी फुलली की गावातल्या अर्ध्या वेण्या काकींच्या अंगणातून गेल्या.

पावसाळा मात्र जड जायचा. आमच्याकडे श्रावणापर्यंत ऊन म्हणजे पाहुणा. पाऊस थांबून जराशी उघडीप झाली की काकी हातातलं काम टाकून पळायच्या. एकदा देवळात भजन चालू होतं. खिडकीतून उजेड पडला तशा काकी प्रसादाचे चुरमुरे पदरात घेऊन उठल्याच. बायका बघत राहिल्या. मी मागोमाग गेले तर अंगणात ड्रम उन्हात आणि काकी धापा टाकत पायरीवर बसलेल्या. ऊन पुरती पाच मिनिटंही टिकलं नाही. "काकी, एवढं कशाला?" मी म्हटलं. "तळं इथंच आहे. तिथं सोडूया त्याला."

हा सल्ला त्यांना सगळ्या गावाने दिला होता. त्यांनी मान हलवली. "ताका तळें खबर ना गो. आनी तळ्यांतल्या कांसवांनी कोणाचें किते केलां? हें भायलें, खादाड. थंय वचून तांच्या तोंडांतलें काडटलें. माज्या घरांत आयलां, माजें जालें."

मला वाटायचं, ही सगळी धावपळ चिमीसाठी आणि कासवासाठी. हळूहळू दुसरं काहीतरी दिसू लागलं. दर रविवारी उल्हासचा फोन यायचा आणि दर वेळी विषय तोच: आई, इकडे ये, एकटी राहू नकोस. वडील गेले तेव्हापासून तो हेच सांगत होता. सुरुवातीला काकींचं उत्तर होतं, "तुळशीक उदक कोण घालतलो?" उल्हासने ते काम माझ्यावर सोपवलं, मीही हो म्हटलं. मग, "पावसाआदीं घर शाकारूंक जाय." त्याने सुट्टी काढून छपरावर पत्रे घातले. काढून टाकलेली कौलं गोठ्यात गेली. आता उत्तर होतं, "भाटकाराक ऊन जाय पुता. तुमच्या फ्लॅटांत ऊन खंय?" यावर उल्हास गप्प व्हायचा, कारण कासव त्यानेच ठेवलं होतं.

हे बोलणं मला नवं नव्हतं. माझी आई माहेरी जायचं असलं की म्हणायची, मुलांना आजोबांची आठवण येते. सासूबाईंना गोड हवं असलं की पाहुणे येणार असतात. आमच्या बायका स्वतःला काय हवं ते कधी स्वतःच्या नावावर मागत नाहीत. मीही त्यातलीच. म्हणून काकींचं मला कळलं आणि कळूनही मी बोलले नाही.

मग एका मे महिन्यात उल्हास बायको आणि चिमीला घेऊन आला तो खुशीतच. चिमी आता आजीच्या खांद्याला लागत होती. जेवणं झाल्यावर पडवीत त्याने फोन पुढे केला. मी तिथेच फणसाचे गरे सोलत बसले होते. फोटोत त्याच्या पुण्याच्या बाल्कनीत काचेची लांबरुंद टाकी होती, पाणी गाळायचं यंत्र, बसायला दगड आणि वर एक दिवा.

"आई, आतां कसलीच अडचण उरूंक ना," तो म्हणाला. "भाटकारूय येतलो आनी तूंय."

काकींनी फोन डोळ्यांजवळ घेतला. "हो दिवो कित्याक?"

"उन्हासारखो चलता. खास कांसवांचो."

"पावसांतूय?"

"पावसांतूय."

काकींनी फोन अजून जवळ धरून तो दिवा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "बरें केलें पुता. खूब बरें केलें." सुनेने माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. काकी उठल्या, बालदी धुतली, तळाशी ओलं फडकं घातलं आणि उल्हासच्या समोर आणून ठेवली.

"भाटकाराक व्हर. ताका थंय बरें पडटलें. हांव येना."

"पूण आई, तूंच म्हणटालें मगे..."

"म्हणटालें. खरें न्हय तें." काकी थांबल्या नाहीत. "कांसवाक ऊन जाय म्हूण न्हय. तुळशीक उदक जाय म्हूण न्हय. माका वचूंक नाका. माका हांगा रावूंक जाय. हांव म्हणटां."

मला जायचं नाही, मला इथंच राहायचंय, हे मी म्हणते: इतकं सरळ. माझ्या हातातला गरा हातातच राहिला. उल्हासचा चेहरा लाल झाला. "इतकी वर्सां सांगपाक जाय आशिल्लें," एवढं म्हणून तो अंगणात गेला आणि ड्रमजवळ पाठमोरा उभा राहिला. त्याला लागलं होतं आणि ते साहजिक होतं. टाकीसाठी त्याने किती जुळवाजुळव केली असेल, हे दिसत होतं.

चिमीने विचारलं, "आजी, मग मी खरंच नेऊ याला?"

"तुजेंच तें. हांगा रावूंक आयिल्लें." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सोमाराक शिवराक. विसरूं नाका."

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. संध्याकाळी मी डब्यात भाजी घेऊन काकींकडे गेले. त्या रिकाम्या ड्रमजवळ बसून रडत होत्या. मला बघून डोळे पुसले नाहीत. "येवं दी गो रडूं. तें गेलें म्हूण रडटां," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने: "इतके दीस हांव ताच्या पाठीआड लिपून बसलें. ताचीं हाडां घट्ट जाता पर्यंत ठीक. जल्मभर ताणें हांगा माजे खातीर रावप म्हळ्यार..." त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला.

आठवड्याने ड्रममध्ये माती होती आणि मातीत अबोली. रिकामा ठेवून काय करायचं, घरातच होता. उल्हासचा फोन दोन-तीन रविवार आला नाही. मग यायला लागला आणि आता त्यात "कधी येतेस" नव्हतं. तो पाणी आलं का विचारायचा, गुडघा दुखतो का विचारायचा. दर मे महिन्यात चिमी यायची. भाटकाराचे फोटो दाखवायची. तो आता ताटाएवढा झाला होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर काकी गेल्या, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन, आपल्याच खोलीत. तेराव्यानंतर घराची किल्ली माझ्याकडे द्यायला उल्हास आला. ती हातातच धरून दारात उभा होता. नातेवाईक त्याला काय काय बोलले असतील, त्याची मला कल्पना होती. आई एकटी ठेवली, शेवटी कुणी जवळ नव्हतं, वगैरे.

"वहिनी," त्याने विचारलं, "तिका एकटें दिसतालें?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण त्या अंगणात उभं राहून माझ्याने ते बोलवेना. "वाटायचं एकटं," मी म्हटलं. "पावसात जास्त. पण तरी त्यांना इथंच राहायचं होतं."

उल्हासने अबोलीच्या ड्रमकडे बघितलं. चाकांवर गंज चढला होता.

"तें तिणें सांगलें माका," तो म्हणाला. "बरें केलें सांगलें तें." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.