खंडेनवमीला धुतलेल्या बाटल्या

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पण चेन्नईत परदेशी वाइनच्या बाटल्यांना आंघोळ घालणारी बाई मी एकटीच असेन, म्हणून लिहून ठेवते.

यांची रेल्वेतली नोकरी चेन्नईला. धाकटे दीर, सुनील भावजी, सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. लग्न केलेलं नाही. म्हणाले, "वहिनी, माझा फ्लॅट रिकामा पडलाय, इथेच राहा." राहिलो. फ्लॅट रिकामा नव्हता. एका खोलीत बाटल्या राहत होत्या.

बाटल्या कसल्या, कळश्याच! सगळ्यांत मोठी तर कडेवर घ्यावी एवढी. एसी लावलेल्या अंधाऱ्या खोलीत त्या बाळंतिणीसारख्या आडव्या पडून असत. (आम्ही दोघं पंख्याखाली.)

"या एकीत नेहमीच्या आठ बाटल्यांची वाइन मावते," भावजी सांगत.

"मग आठच घ्यायच्या. उचलायला तरी बऱ्या."

"मोठ्या बाटलीत ती सावकाश मुरते, वहिनी. वर्षानुवर्षं. म्हणून तर लोक जमवतात."

"म्हणजे लोणच्याची बरणी."

"तसंच समजा," भावजी म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

इथल्या जुन्या बाजारपेठेतल्या, जॉर्ज टाउनच्या, एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यालाही हाच नाद. मोठ्या बाटलीसाठी त्यांनी भावजींना पन्नास हजार आगाऊ दिले होते. भावजींनी त्या पैशांतून उरलेल्या बाटल्यांसाठी थंड कपाट मागवलं. व्यापारी बाटली न्यायला येणार होते ते नेमके खंडेनवमीला.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. इथे तर पुजण्यातून काही सुटत नाही. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांच्या कपाळी गंध. मी भावजींना फोन लावला.

"तुमचं काय काय पुजू?"

"लॅपटॉप माझ्याबरोबर आहे. बाकी तुम्हाला वाटेल ते पुजा."

मला बाटल्या वाटल्या. पण पूजेची वस्तू आधी धुवायला नको? बाटल्यांवर धूळ होती, आणि कागद तर इतके जुने, पिवळे, कडांनी फाटलेले. आमच्या घरी जॅमची बाटली संपली, की कागद काढून ती लख्ख केल्याशिवाय तिला फळीवर जागा मिळत नाही. मी न्हाणीघरात टब भरला, बाटल्या भिजत घातल्या, कागद सोलून काढले, राहिलेला चिकटा खोबरेल तेलाने घालवला. देवापुढे ओळीने उभ्या केल्या, गंधाचे पट्टे ओढले, वर कुंकू, प्रत्येकीला झेंडू. बसल्या जागी मला माझंच कौतुक वाटलं.

तेवढ्यात भावजी व्यापाऱ्यांना घेऊनच आले. परका माणूस आला की मी स्वयंपाकघराच्या दाराआड जाते, तशी गेले. बाहेर बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, हात जोडून उभे असतील.

"वहिनी," भावजींचा आवाज आला, "यांच्यावरची लेबलं?"

"काढली. घाण झाली होती."

"ठेवलीत कुठे?"

"कचऱ्याची गाडी येऊन गेली सकाळीच."

भावजी सोफ्यावर बसले. "वहिनी, पैसे त्या कागदाचे असतात हो. कुठली, कधीची, हे आता कोण सांगणार?"

"आणि आतल्याचे?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

व्यापारी शांतपणे म्हणाले, त्यांना बाटली नको, आगाऊ दिलेले पैसे परत हवेत. भावजींनी त्या नव्या थंड कपाटाकडे पाहिलं, मग सुट्टी म्हणून घरी असलेल्या यांच्याकडे. हे म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस. मला या महिन्याचा पगार व्हायचाय."

भावजींची मान खाली गेलेली मला दिसली. ते मला एक शब्द बोलले नाहीत, तेच लागलं. मी दाराआडून बाहेर आले आणि ठरवलं, सांगायचं, पैसे मी फेडीन. पण व्यापाऱ्यांशी बोलायचं तमिळमधून, आणि माझं तमिळ सगळं भाजीवालीकडून शिकलेलं. घाबरल्यावर तोंडातून तेच आलं, "कोंजम कोरच्चुकोंगो!" म्हणजे, जरा कमी करा.

हे खोकले. व्यापारी माझ्याकडे बघत राहिले. "कमी नाही करणार," ते म्हणाले, "पण थोडे थोडे चालतील."

मग मी चकल्या सुरू केल्या. आधी बिल्डिंगमधली मराठी घरं, मग त्यांच्या ओळखीची. पाव किलो, अर्धा किलो, तेही घासाघीस करून. हप्ता निघेना. एक दिवस कोणाचा तरी ड्रायव्हर आला. घरून सांगितलंय म्हणाला, आणि मोठा डबा भरून घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात परत. भाव विचारायचा नाही, सांगेन ते द्यायचा. मी यांना म्हटलं, "गिऱ्हाईक भोळं दिसतंय." आणि भाव वाढवला. तरी तो आला. पुन्हा वाढवला.

"अगं, सोन्याच्या आहेत का चकल्या?" हे म्हणाले.

"घेणाऱ्याला चालतंय ना?"

त्या भोळ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर हप्ते वेळेवर जायला लागले. दर महिन्याला हे पाकीट पोचवून येत. शेवटचा हप्ता मात्र मी स्वतः द्यायचं ठरवलं. नवी साडी नेसून यांच्याबरोबर जॉर्ज टाउनला गेले. व्यापाऱ्यांच्या पेढीवर पाकीट ठेवलं आणि मान वर केली, तर कपाटावर माझा चकलीचा डबा. दारात तोच ड्रायव्हर उभा.

व्यापाऱ्यांनी नोटा मोजल्या, डब्याचं झाकण उघडून एक चकली मोडली आणि म्हणाले, "अम्मा, त्या दिवशी तुम्ही मला कमी करा म्हणालात. मी मात्र तुम्हाला एकदाही म्हटलं नाही."

मी पदर तोंडाला लावला. अशा रीतीने त्यांचे सगळे पैसे मी फेडले, त्यांच्याच पैशांनी, आणि वर भाव वाढवून.