केळफुलाचा सत्कार

जळगावात राहायचं तर केळीशी काही ना काही संबंध येतोच. माझा केळफुलाशी आला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. केळफुलाच्या पाकळ्यांतला जांभळा रंग काढायचा, झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवायचा आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायचा, एवढाच माझा उद्योग. पेशी मेल्या. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

‘काचेच्या बशीत’ हे शब्द मी पत्रकाराला बजावून सांगितले होते. छापताना नेमके तेच गळाले. बातमी आली, ‘केळफुलाने कॅन्सर बरा!’ दुपारपर्यंत कॉलेजच्या फाटकावर माझ्या सत्काराचा फ्लेक्स झळकला. त्यावर माझ्यापेक्षा प्राचार्यांचा फोटो मोठा. संशोधनात त्यांचा हातभार एवढाच, की प्रयोगशाळेचा बंद पंखा त्यांनी कधी दुरुस्त करू दिला नाही.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण धुळ्याहून काकूचा फोन आला. तिला स्तनाचा कॅन्सर, केमो अर्ध्यावर आलेली.

“आते माले सुया नको. तुनं औसद शे ना!”

तिला आता सुया नको होत्या, माझं ‘औषध’ हवं होतं. मी जीव तोडून समजावलं. तिला तो माझा नम्रपणा वाटला. फोन ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा त्या बातमीची भीती वाटली.

सत्काराच्याच दिवशी तिची केमो होती, तीही जळगावात. बाई दवाखाना सोडून थेट सभागृहात आली आणि पहिल्या रांगेत बसली. शाल-श्रीफळ उरकल्यावर मी माईक धरला.

“हे औषध नाही. माणसावर कधी तपासलेलंच नाही. बशीतल्या पेशी फिनाइलनेसुद्धा मरतात, म्हणून कोणी फिनाइल पीत नाही.”

प्रमुख पाहुणे गहिवरले. “बघा, केवढा हा विनय!” टाळ्यांचा कडकडाट झाला. अशा सभेला खरं सांगणं म्हणजे आणखी एक हार ओढवून घेणं.

काकू मात्र टाळ्या वाजवत नव्हती. मी खाली उतरून तिच्यासमोर बसले. रडूच आलं. ती जिवंत हवी, एवढंच तिच्या बोलीत सांगता आलं.

“काकू, माले तू जित्ती जोयजे.”

तिने पदराने माझे डोळे पुसले. मग पिशवीतून दवाखान्याची फाईल काढली; बाईने ती बरोबर आणलीच होती.

“चाल, रिक्षा कर,” ती उठत म्हणाली. “आन् ती शाल दे इकडे. सलाईन लावतस तठे भलती थंडी वाजस.”