झाकणातलं रबरी कडं

अल्का मेश्रामची खानावळ अर्जुनी मोरगावच्या बसस्थानकामागे आहे. केशोरीहून लग्न होऊन आलेली ही बाई नवरा गेल्यावर भात-वरणाच्या बळावर उभी राहिली. भाड्याच्या खोल्यांत राहणारे नोकरदार तिच्याकडून जेवण बांधून नेत. गरम वरण प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, वर गाठ.

एका पावसाळ्यात मागची नाली तुंबली आणि पाणी शेजारच्या सुशिलाबाईंच्या अंगणात शिरलं. अल्काने स्वतः हात घालून गाळ उपसला. निघाल्या त्या पिशव्याच पिशव्या, हळदीने पिवळ्या पडलेल्या. सुशिलाबाई भांडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. त्याचीच अल्काला जास्त लाज वाटली. पंधरा दिवसांत तिने घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणले. आज भरलेला न्यायचा, उद्या रिकामा परत द्यायचा.

बहुतेकांनी मानलं. एकजण मात्र म्हणाला, "कोणाकोणाच्या तोंडचा डबा, आम्ही कायले खावं?" 'कोणाकोणाच्या'वरचा तो जोर अल्काला नवा नव्हता. शाळेत पाण्याच्या माठापाशी तिला अडवणाऱ्यांच्या तोंडून तिने तो ऐकला होता. 

म्हणून रोज तिच्याकडून जेवण नेणारे लोकेंद्र कटरे गुरुजी डबा घेऊन दारात आले, तेव्हा ती आधीच तापलेली होती.

"अल्काबाई, डब्याले वास येऊन राहिला जी. दोन दिवसांपासून पोटही बिघडलं."

"तीन वर्षं माझ्या हातचं गोड लागलं, गुरुजी. आताच काऊन बाधून राहिलं?"

गुरुजी गोंधळले. "हाताचं नाही, डब्याचं म्हणून राहिलो." डबा ओट्यावर ठेवून ते निघून गेले.

रागारागात तिने डबा नाकाशी नेला. आंबूस वास झाकणाला होता. चमच्याच्या दांडीने तिने झाकणातलं रबराचं कडं उचकटलं. खाली काळपट, बुळबुळीत थर. दुसरं झाकण, तिसरं झाकण, सगळीकडे तेच. भांडी घासणारी दुर्गा रडवेली झाली.

"मी रोज घासते जी, बाई."

"घासतेच तू. कडं काढून धुवावं लागते, हे मलेच मालूम नव्हतं."

"मग आता धुऊन टाकू. कोणाले कळते?"

अल्काने ऐकलं नाही. संध्याकाळी आलेल्या प्रत्येकाला तिने झाकण दाखवलं, झालं ते सांगितलं आणि घरून भांडं आणायला लावलं. मग पेज घेऊन ती गुरुजींच्या खोलीवर गेली.

"तुमचं खरं होतं, गुरुजी. मी भलतंच समजली."

"काय समजल्या?"

त्या गिऱ्हाइकाचं बोलणं, शाळेतला माठ, सगळं तिने सांगून टाकलं.  गुरुजी म्हणाले, "आमच्या घरीही तसं बोलणारे होते, अल्काबाई. तुम्ही उगाच नाही समजल्या." त्यांनी पेज घेतली आणि तिला बसायला खुर्ची पुढे केली.

तीन गिऱ्हाइकं गेली, ती परत आली नाहीत. गुरुजी मात्र अजून डबा नेतात. आता अल्का आणि दुर्गा रोज रबराची कडी काढून, डबे-झाकणांसह गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळतात आणि उन्हात सुकल्याशिवाय भरत नाहीत. ऊन नसलं की दुर्गा एकेक डबा चुलीच्या धगीवर धरते. कडी काही महिन्यांत चिरतात, बदलावी लागतात. चिरलेली कडी पुन्हा नालीत जाऊ नयेत म्हणून अल्का एका पोत्यात साठवते आहे. त्यांचं काय करायचं, ते तिला अजून उमगलेलं नाही.