धुळ्याच्या टाकीतला जोडा

अक्कांना ऑस्कर मासाच हवा होता. धुळ्यातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी तो पाहिला होता, हातातून खाऊ घेणारा. मी जळगावहून माशांच्या पिशव्या घेऊन एस.टी.नं आलो होतो, त्यांच्या हॉलमध्ये चार फुटी टाकी बसवली होती, पाणी भरलं होतं, आणि अक्कांचं अजून तेच चाललं होतं. मी सांगत होतो की ऑस्कर आज रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो, पण वर्षभरात वीतभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावात माझं अ‍ॅक्वेरियमचं दुकान होतं. टाक्या बनवायच्या, मासे विकायचे, गिऱ्हाइकाकडे जाऊन सर्व्हिसिंग करायचं. सिक्लिड ही माशांची एक जमात. आमच्याकडे यायचे ते बहुतेक मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे. दिसायला देखणे, स्वभावानं भाऊबंदकीवाले. जोडी जमली की टाकीचा एक कोपरा आपला म्हणतात आणि दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. कम्युनिटी टँक म्हणजे वेगवेगळ्या जाती एकत्र नांदतात ती टाकी. त्यासाठी मासा रंग बघून निवडायचा नसतो. तो मोठा झाल्यावर केवढा होईल आणि कसा वागेल, ते बघायचं असतं. पिल्लं असताना सगळे सारखेच गरीब दिसतात, गिऱ्हाईक तिथंच फसतं. हे मी किती मासे मारून शिकलो ते विचारू नका.

टाकी होती अक्कांच्या सुनेसाठी, ज्योतीसाठी. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. हिचं मन कशात तरी रमवा, असं कुणीतरी सुचवलं होतं. हे मला अक्कांनी ज्योतीच्या देखतच सांगितलं. मुलाची तपासणी झाली का, असं त्या घरात कुणी विचारत नसावं, कारण अक्का पुढे लगेच त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "मना पोऱ्याले काय व्हयेल शे?"

ज्योती एका जुन्या डायरीत सगळं लिहून घेत होती. मी एंजल आणि सेव्हरम हे दोन सिक्लिड सुचवले. दोन्ही त्यातल्या त्यात शांत. तिनं विचारलं, सेव्हरम मोठा झाल्यावर एंजलच्या परांचे हे खाली लोंबणारे दोरे ओढणार नाही का? प्रश्न बरोबर होता. खरं तर ते मीच सांगायला हवं होतं. शेवटी सेव्हरम वगळला. दोन एंजल आणि चार रॅम ठरले. रॅम म्हणजे दोन बोटांएवढा सिक्लिड, तळाशी आपल्यापुरतं राहणारा.

खरं म्हणजे एंजल सहा घ्यायला हवेत. लहानपणी त्यांच्यात नर कोण, मादी कोण हे कुणालाच ओळखता येत नाही. सहा सोडायचे, मोठे झाले की त्यांचं ते जमवतात, मग बाकीचे परत घ्यायचे. मी तसं म्हणालोही. अक्कांनी हात झटकला. सहा त्यांना नको होते, नवरा-बायको हवे होते.

"भाऊ, हाऊ जोडाच शे ना?"

मी हो म्हणालो. वर बोट दाखवून सांगितलं, हा मोठा नर, ही मादी. मोठा होता म्हणून नर म्हणालो, दुसरं काही कारण नव्हतं. त्या घरात मला तज्ज्ञ म्हणून चहा मिळत होता, आणि तज्ज्ञाला माहीत नाही म्हणणं जड जातं.

आठ-नऊ महिन्यांनी दुकानात फोन आला. एंजलनी उभ्या काचेवर अंडी घातली होती. अक्कांनी गल्लीत साखर वाटली. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली. अंडं फळलं नाही की त्याला बुरशी धरते, ते पांढरं होतं, मग मासेच ते खाऊन टाकतात. पुन्हा अंडी घातली, पुन्हा पांढरी पडली. अक्कांनी ज्योतीला टाकीत खाऊ टाकायला बंदी केली. तिचा हात नको म्हणाल्या. जिच्यासाठी टाकी घेतली तिलाच लांब बसवलं.

तिसऱ्या वेळी अंडी घालणं सुरू असतानाच मी योगायोगानं सर्व्हिसिंगला पोहोचलो. हॉलमध्ये अक्का होत्या, ज्योतीचा नवरा सुनील पेपर वाचत होता. मी फिल्टर काढत होतो, तेव्हा ज्योती दारातून म्हणाली, "भाऊ, दोघी अंडी घालताहेत. आधी मोठीनं घातली, मग लहानीनं. मागच्या वेळीही मी हेच पाहिलं. यात नर नाही."

सुनीलनं पेपर खाली केला.

"काय बोलस हाई?" अक्का माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तू सांग. धंदा तुना शे."

मी वाकून पाहिलं. अंडी घालताना माशाच्या पोटाखाली एक लहानशी नळी बाहेर येते. नराची बारीक, टोकदार. मादीची जाड, बोथट. एवढी एकच खूण असते आणि ती त्याच वेळी दिसते. दोघांच्याही नळ्या जाड होत्या. ज्योतीचं शंभर टक्के बरोबर होतं.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. धुळ्यातली माझी निम्मी गिऱ्हाइकं या घराच्या ओळखीनं आली होती. आणि सुनील माझ्याकडे बघत होता. यात नर नाही, हे वाक्य त्यानं कसं ऐकलं असेल ते मला कळत होतं. मी घाबरलो.

"जोडा बरोबर आहे," मी म्हणालो. "पाणी जड आहे तुमच्या बोअरचं. अंडी धरत नाहीत."

"ऐकलंस?" सुनील ज्योतीला म्हणाला. "आता माशांवरही तुझीच डॉक्टरकी."

 हात पुसायला ती मला नेहमी टॉवेल द्यायची, तसा दिला आणि आत गेली. परतीच्या एस.टी.त मला स्वतःची लाज वाटत होती.

मी उपाय काढला. दुकानात एक खात्रीचा नर होता, त्याची पिल्लं मी विकलेली होती, पट्टेही अक्कांच्या माशांसारखेच. पंधरा दिवसांनी पाण्याचं औषध टाकायचं निमित्त करून गेलो. अक्का पूजेत होत्या. एक मादी काढून पिशवीत घातली, नर सोडला. कुणाला कळलं नाही. अंडी फळली की ज्योतीच्या माथ्यावरचं खापर उतरेल, असा माझा हिशेब होता. ती त्या दिवशी दिसली नाही. भावाच्या लग्नाला माहेरी पाचोऱ्याला गेली आहे, असं कळलं.

दीड महिन्यानं अंडी फळली. काचेवर शेपट्या वळवळायला लागल्या. अक्कांनी फोनवर बोलावून घेतलं, माझ्या हातावर पेढा ठेवला. ज्योती अजून पाचोऱ्यालाच होती. तिला आणायला कुणी गेलं नव्हतं.

"दखं का भाऊ," अक्का म्हणाल्या. "ती गई आनि घरमा पिल्लं उनात. तिनाच पायगुन व्हता."

तेव्हा मी सगळं सांगितलं. दोन्ही माद्या होत्या, सून खरं बोलत होती, मी खोटं बोललो, मासा मी बदलला. पेढा तसाच हातात होता. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तवय तूच सांगं व्हतं, जोडा बराबर शे," त्या म्हणाल्या. "आते तिनी बाजू कसाले लेस?"

 मी सुनीललाही त्याच्या दुकानावर जाऊन सांगितलं. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला आणि टाकीतल्या पिल्लांना खायला काय द्यायचं ते विचारलं.

पुढच्या वर्षी फारकत झाली. नंतर सुनीलचं दुसरं लग्न झालं. त्या घरात पाळणा हलला की नाही, मी विचारलं नाही.

माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, आणि चूक कळली की त्याच दिवशी बोलावं. उशिरा सांगितलेलं खरं कुणाच्या कामाला येत नाही, सांगणाऱ्याला फक्त थोडं हलकं वाटतं, आणि मला तेही वाटलं नाही. ज्योती पाचोऱ्याहून परत आली नाही. टाकी मात्र सात वर्षं चालली. रॅम आणि एंजल एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत, एकही मासा मारामारीत मेला नाही. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात यशस्वी कम्युनिटी टँक.