पिस्टनवरची शाडूची माती

शाडूची माती भिजवली की तिच्या वासात मला अजूनही इंजिन ऑइल जाणवतं. एका वर्षी नवऱ्याचा जॉब गेला होता, व्हिसाची मुदत संपत आली होती आणि एडिसन गावातल्या आमच्या गॅरेजमध्ये त्याच्या जुन्या गाडीचं इंजिन उघडं पडलं होतं. त्यात त्याला व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट बसवायचा होता. स्प्रिंगा नरम घेतल्या तर व्हॉल्व्ह वेळेवर मिटणार नाहीत, फार कडक घेतल्या तर कॅम झिजेल, म्हणून तो सारखी ऑर्डर बदलायचा आणि मधूनच इंटरव्ह्यूचं काही आलं का म्हणून फोन बघायचा. मी तिथेच कोपऱ्यात गणपती घडवत होते. "थोडी माती दे ना," तो म्हणाला, "नवे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात का बघायचंय." "अरे, ती गणपतीची आहे." "अजून कुठे झालाय गणपती?" त्याने पिस्टनवर चकती थापली, वरचा भाग बसवला, इंजिन हाताने सावकाश फिरवलं आणि परत उघडलं. व्हॉल्व्ह रुतला होता तिथे मातीचा नुसता पापुद्रा उरला होता. "आपटणार," तो म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. त्याचे हात तेलामातीचे, म्हणून मीच माझे हात पुसून तो त्याच्या कानाला धरला. ऐकता ऐकता तो ती चकती मुठीत मळत राहिला, मग म्हणाला, "नाही म्हणाले." त्या काळवंडलेल्या मातीचा मी उंदीर केला. आता नोकरी आहे, ती गाडी नाही. तरी दरवर्षी मी माती भिजवली की तो मीटिंग म्यूट करून खाली येतो, एक गोळा अंगठ्याने दाबतो आणि उजेडात धरून किती जाडी उरलीय ते बघतो.