भिंतीकडे पाठ

आंतिग्वा शहरात फेर्मिन शिकायसारखा गाईड दुसरा नाही, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करतात. एकवीस वर्षं त्यानं पाहुण्यांना पडके मठ, पिवळी कमान, कॉफीचे मळे दाखवले, आणि तेही उलटं चालत. तोंड पाहुण्यांकडे, पाठ देखाव्याकडे. "पाहुण्याकडे पाठ केली की टोप्या विकणारा त्याला उचलून नेतो," म्हणायचा. गल्लीतला दगडन् दगड त्याच्या टाचांना ठाऊक. बढाईखोर खरा, पण माणसं हसत घरी जायची.

शनिवारची फेरी त्याच्या गावाकडची. शेवटी गावची दफनभूमी. तिथं शवपेट्या भिंतीतल्या कप्प्यांत ठेवतात, सात वर्षांसाठी. घरच्यांनी मुदत वाढवली नाही तर कप्प्यावर लाल फुली मारतात, तीन महिने वाट बघतात आणि मग हाडं काढून सगळ्यांच्या सामाईक खड्ड्यात टाकतात. फेर्मिन हे अगदी रंगवून सांगायचा. शेवटी मागे न बघताच खांद्यावरून अंगठा दाखवायचा, "चौथी ओळ, निळा कप्पा. माझी आई, देल्फिना." केळ्याचे गोड वडे विकून या बाईनं त्याला शाळेत घातलं होतं. तिच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज खरोखर मऊ व्हायचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी कोलंबियाच्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "पण निळा कप्पा तर रिकामा आहे."

"बाई, नीट मोजा," तो हसला.

"मोजलं. ओळी चारच आहेत."

फेर्मिन वळला. कप्प्याचं तोंड उघडं होतं, कडेचा गिलावा फुटलेला, खाली फरशीचा तुकडा, त्यावर नावाची शेवटची अक्षरं. मुदतीचं ओदिलियानं, बहिणीनं, बघितलं असणार, असं तो धरून चालला होता. त्यानं तिथूनच तिला फोन लावला.

"मी?" ओदिलिया म्हणाली. "अरे, मी नोव्हेंबरात एकदा फुलं घेऊन येते. तू तर दर शनिवारी तिथं असतोस. मला वाटलं, तू केलंस." मला विचाराल तर दोघांनाही एकेक ठेवून द्यायला हवी होती.

तो राखणदाराच्या खोलीकडे धावला. म्हातारा तेलेस्फोरो दारातच बसला होता.

"काका, माझी आई?"

"मंगळवारी काढली."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं?" म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "तीन महिने फुली होती. तू तिच्यापुढं उभा राहून फुलीचंच सांगत होतास. तुझी माणसं तिचे फोटो काढत होती. मला वाटलं, हा आईला टाकतोय, वर तिचा तमाशाही मांडतोय. शिसारी आली मला तुझी. म्हणून बोललो नाही."

ज्या पाहुण्यांनी ती फुली पाहिली, त्यांतल्या एकानंही चकार शब्द काढला नव्हता. त्यांनाही तसंच वाटलं असेल का?

म्हाताऱ्यानं उठून खड्ड्यावरचं झाकण सरकवलं. आत किती वर्षांची हाडं, एकावर एक, कुणाचंच नाव नाही. पाहुणे दूर उभे होते.

फेर्मिन गुडघ्यांवर बसला, आत वाकला आणि त्यानं हळूच विचारलं, "आई, यातली तू कोणती गं?"