अमुकरावांचं नाव

आमच्या घरात मोठ्यांना नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. सासूबाई सासऱ्यांना ‘अहो’ म्हणायच्या आणि त्यांच्या मागे ‘हे’. सासरे त्यांना ‘अगं’ म्हणायचे. माझ्यासाठी ते दोघं आई आणि बाबा. अशा घरात एखादं नाव हरवलं, तर कळणार कसं?

लालबागची खोली विकून आम्ही मीरा रोडला शांती नगरात आलो, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. एकदा भाजी घेऊन येताना आईंनी बाजूच्या विंगमध्ये, त्याच मजल्यावर, त्याच बाजूच्या दाराची बेल वाजवली. तिथल्या गुजराती बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि हाताला धरून आमच्या दारात आणून सोडलं. आम्ही पोट धरून हसलो. शांती नगरातल्या बिल्डिंगा एका साच्यातल्या. परक्याच्या कुलपात मीही एकदा किल्ली फिरवत बसले होते.

त्याच वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईंनी उखाणा घेतला नाही. एरवी त्यांचा उखाणा ऐकायला बायका हातातलं वाण सांभाळत थांबून राहायच्या. त्या म्हणाल्या, आता सुनेनं घ्यावा. मला उखाणे मुळीच जमत नाहीत आणि चारचौघींत पचका झाला की मला राग येतो. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलत होते.

मी सकाळच्या शाळेत शिकवायचे. दीडपर्यंत घरी यायचे ती डोकं तापवूनच. आई एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायच्या आणि मी फटकन म्हणायचे, “लक्ष कुठे असतं तुमचं?” ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

शेवटी ज्याला कधीच काही दिसत नाही त्या माझ्या नवऱ्यालाही ते दिसलं आणि आम्ही आईंना डॉक्टरांकडे नेलं. वार कोणता, महिना कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, असं सगळं झालं. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, मिस्टरांचं नाव काय? आईंनी पदर सावरला आणि हसून म्हणाल्या, “असं कसं घ्यायचं नाव?” डॉक्टरही हसले. बाबांनी लगेच स्वतःचं नाव सांगून टाकलं.

मी मात्र आईंच्या ओठांकडे बघत होते. बाबांनी सांगितलेलं नाव त्या आवाज न करता पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बाजूच्यानं कुजबुजलेलं उत्तर बाई आपल्यापर्यंत येईस्तोवर विसरू नये म्हणून माझ्या वर्गातली पोरं करतात तसं.

दुसऱ्या दिवशी उत्तनच्या मासेवाल्या मावशी कोळंबी टाकून गेल्या. आम्ही दोघी ती सोलायला बसलो. बाबा खाली गेले होते. मी सरळ विचारलं, “आई, बाबांचं नाव काय?”

“मोठ्या माणसांची चेष्टा करू नये,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी हातातली कोळंबी ताटलीत ठेवली. “चेहरा समोर असतो गं. सगळं आठवतं, लग्नातला फेटासुद्धा. नाव तेवढं येत नाही. त्यांना कळू देऊ नकोस. फार लागेल त्यांना.”

मी कबूल केलं. कबूल करताना मला त्यांची इतकी कीव आली, आणि स्वतःचा इतका राग, की मी उगाचच नळ सोडून हात धूत राहिले.

डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली, चालायला सांगितलं आणि डोकं रोज कामाला लावा म्हणाले. यानं गेलेलं परत येईलच असं नाही, पण आहे ते टिकायला मदत होईल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. नवऱ्यानं उत्साहानं सुडोकूचं पुस्तक आणलं; तेव्हा त्याचं भलतंच खूळ होतं. आईंनी सगळ्या रिकाम्या चौकटींत सात लिहिले आणि झालं म्हणून पुस्तक मिटलं.

मग मला उखाणा सुचला. नावाशिवाय उखाणा होतच नाही. शिवाय शाळेत मी रोज बघायचे, पाढा मधूनच विचारला तर मुलं अडतात आणि चालीत सुरू केला की सरळ पुढे जातात. बाबा चार वाजता चहा पिऊन फिरायला गेले, की मी आईंना नाव सांगायचे आणि त्यांनी समोर दिसेल त्यावर उखाणा रचायचा. नेहमीचे पाठ उखाणे चालणार नाहीत, रोज नवा हवा, असा मास्तरकीचा नियम मी केला होता.

पहिले आठ-दहा दिवस नाव दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायचंच नाही. एकदा त्या चिडून म्हणाल्या, “नको मला तुझी शाळा.” मीही चिडले. अर्ध्या तासानं स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला:

“उत्तनचे बोंबील, मुर्ध्याचं मीठ,
अमुकरावांचा चष्मा बसत नाही नीट.”

अमुकराव मी इथे लिहितेय. त्यांनी खरं नाव घेतलं होतं, आणि मी सांगितलेलं नसताना. ‘मीठ’ला ‘नीट’ जुळत नाही असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “तू रचून दाखव.”

नुसतं विचारलं तर नाव यायचं नाही. पहिली ओळ म्हटली की दुसरीत ते आपोआप यायचं. बाकी विसरणं होतंच. चहात साखर दोनदा पडायची, पण आता मी तो तसाच प्यायचे.

सहा महिन्यांनी आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. वार, महिना, तीन शब्द झाले. शब्दांतले दोनच आठवले. मग नाव. आईंनी टेबलावर नजर फिरवली.

“डॉक्टरांच्या टेबलावर फायलींची रास,
अमुकरावांसाठी झाले मी पास.”

डॉक्टरांनी टाळी वाजवली. मागच्या वेळेपेक्षा खाली गेलेलं नाही, ही चांगली बातमी समजा, म्हणाले.

बाहेर आल्यावर आई कोपऱ्यावर गजरा घ्यायला थांबल्या. बाबा आणि मी जरा पुढे उभे होतो. त्यांना संशय येऊ नये म्हणून मी म्हटलं, आज आईंचा मूड छान होता.

“मागच्या वेळी तिला नाव आठवत नव्हतं,” बाबा म्हणाले. “म्हणून तर मी घाईनं सांगून टाकलं.”

गेले सहा महिने मी त्यांच्यापासून जे जपत होते, ते त्यांना माझ्याही आधी कळलं होतं.

“मग तुम्ही रोज फिरायला…” मी कसंबसं विचारलं.

“कसलं फिरायला जातोय. दुपारी आपलं नुसतं सेफ्टी डोअरच लावलेलं असतं ना, आतलं सगळं जिन्यात ऐकू येतं. वरच्या पायरीवर बसायचो.” त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. “चाळीस वर्षांत तिनं माझं नाव इतक्या वेळा कधीच घेतलं नव्हतं गं.”